आठ गळ्यांपुढे आठ माइक कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात सांगलीत एक वेगळा कार्यक्रम झाला. आठ गायक, चार बायका आणि चार पुरुष, कसलंही वाद्य न घेता चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीची चर्चमधली लॅटिन प्रार्थनागीतं गायले. काही जण मुंबई-पुण्याचे होते, दोघं गोव्याचे. कार्यक्रमाची बातमी आली, फोटो आला, व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं आली. गाणं कसं झालं ते कुठंच आलं नाही. ते सांगावं, आणि त्यासोबत एक तक्रार व एक मागणी मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी मिरजेत तंबोरे करतो. आमच्या घरात हे काम चार पिढ्या चाललंय. माझ्या हातात मुख्यतः जवारीचं काम. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं घासत घासत असा करायचा, की तार त्यावर अलगद टेकली पाहिजे, दबता कामा नये. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तार एकदम उघडते आणि तिच्यातून बाकीचे स्वर बाहेर येतात. ती जागा कानानंच सापडते. चाळीस वर्षं मी तेवढंच ऐकतोय. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण माझ्याकडं नाही, लॅटिन समजत नाही. पण दोन स्वर एकमेकांत बसले की नाही, हे मला कळतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ही मंडळी तंबोरे कसे होतात ते बघायला आमच्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे दहा बाय अठराची खोली. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, भिंतीला तयार तंबोरे टेकवून ठेवलेले. त्यांची म्होरकी, मी तिला ताई म्हणत होतो, तिच्या खिशात पोलादी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क होता. गुडघ्यावर आपटून ती कानाशी धरायची आणि त्यावरून बाकीच्यांना सुरुवातीचे स्वर द्यायची. मी म्हटलं, "ताई, जरा द्या इकडं." फोर्क वाजवला आणि त्याचा दांडा तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीवर, टेकवला. जो आवाज कानाला चिकटवल्याशिवाय ऐकू येत नव्हता, तो भोपळ्यातून खोलीभर आला. आठहीजणांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

पुढं जे झालं ते जरा सविस्तर सांगतो. माझ्या तक्रारीचं मूळ तिथंच आहे.

तो फोर्क पांढरी सहाचा, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीच्या स्वराचा. मी हातात घेतलेला तंबोरा पांढरी चारला लावलेला होता. म्हणजे फोर्कचा स्वर हा माझ्या तंबोऱ्याचा गंधार. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची, तार नीट लागली आणि जवारी उघडी असली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. मी खर्ज छेडला आणि तबलीवर फोर्क पुन्हा टेकवला. दोन्ही गंधार एकदम ऐकू आले आणि त्यांच्यात हेलकावे पडायला लागले. सेकंदाला तीन, साडेतीन. फोर्कचा गंधार पेटीतला, तो तारेतल्या गंधारापेक्षा चढा असतो. किती चढा? अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. ताईनं डोळे मिटले. फोर्क बाजूला ठेवला, आणि तारेतला गंधार गळ्यानं धरला. हेलकावे थांबले. मग त्यांच्यातल्या खालच्या आवाजाच्या गोव्याच्या गायकानं षड्ज धरला, आणखी एकानं पंचम. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तो षड्ज-गंधार-पंचम इतका स्वच्छ लागला, की माझ्या पोरानं हातातला रंधा खाली ठेवला.

ताई म्हणाली, "चाचा, आम्ही दिवसभर हेच शोधत असतो. हे संगीत असंच गायचं असतं." पेटी नाही, ऑर्गन नाही. रोममध्ये पोपच्या सिस्टाइन चॅपलमध्ये ऑर्गनसुद्धा वाजवत नसत, नुसते गळे. गळ्याला पेटीची सक्ती नसते, तो शुद्ध गंधारावर जाऊन बसू शकतो. सगळे बसले तर आठ माणसांचा आवाज एका मोठ्या तंबोऱ्यासारखा उघडतो. आपल्याकडं हा विषय नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं आणि त्या श्रुती गाऊन दाखवायला गवई अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्यासोबत होते. खाँसाहेब पुढं मिरजेतच राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर इथंच दर्ग्याच्या आवारात आहे. म्हणून हे संगीत आपल्या गावाला परकं वाटू नये, असं मला वाटतं.

मग त्यांनी आमच्या खोलीत एक रचना गायली. पालेस्त्रिना नावाच्या रोमच्या संगीतकाराची, 'सिकुत चेर्वुस'. हा माणूस साधारण १५२५ साली जन्मला आणि १५९४ साली वारला. शब्द बायबलच्या बेचाळिसाव्या स्तोत्राचे: हरीण जसं पाण्याच्या झऱ्यासाठी तळमळतं, तसा माझा जीव देवा तुझ्यासाठी तळमळतो. जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आपल्या भजनात एक जण ओळ म्हणतो आणि मागून सगळे मिळून तीच ओळ उचलतात. इथं तसं नाही. आधी पुरुषांतला वरचा आवाज एकटा निघतो. तो ओळीच्या मध्यावर पोचत नाही तोच बायकांतला खालचा आवाज तीच ओळ दुसऱ्या स्वरावरून सुरू करतो. मग बायकांतला वरचा, आणि शेवटी सगळ्यात खालचा. पहिला तोवर पुढं गेलेला असतो. चार माणसं चार वेळेला घरातून निघाली, वाट प्रत्येकाची वेगळी, पण पाऊल कुणाचं कुणावर पडत नाही. यात साथीदार कुणीच नाही, चारही आवाज मुख्य. त्या काळी छापील पुस्तकंही प्रत्येक आवाजाची वेगळी असत. गायकापुढं फक्त त्याची स्वतःची ओळ. बाकीचे काय करतायत हे कळायला कान हाच एक मार्ग. ताल धरायला हात खाली-वर करायचा, एवढंच.

गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं. ते थांबले आणि खोलीत आवाज राहिला. भिंतीला टेकवलेल्या तंबोऱ्यांपैकी दोन, ज्यांच्या तारा त्या स्वराला जुळल्या होत्या, कुणी हात न लावता गुणगुणत होते. आम्ही सगळे ते विरेपर्यंत गप्प उभे राहिलो.

संध्याकाळी मी घरच्यांना घेऊन सांगलीला गेलो. सभागृहाचं नाव लिहीत नाही, आयोजकांचंही नाही. त्यांनी खर्च सोसला, प्रवेश सगळ्यांना खुला ठेवला, हे संगीत या भागात आणलं. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण झालं ते असं.

रंगमंचावर आठ माइक उभे होते. प्रत्येक गायकापुढं एक. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. आवाजाचं टेबल मागच्या दाराशी, तिथं एक तरुण मुलगा. डोक्यावर पंखे पूर्ण वेगात. पहिल्या रचनेचा पहिला आवाज निघाला आणि तो गायकाकडून आलाच नाही, डावीकडच्या स्पीकरमधून आला. दुसरा आवाज निघाला, तोही तिथूनच. सकाळी मी डोळे मिटून सांगू शकत होतो की आत्ता खिडकीजवळचा गातोय, आत्ता दाराजवळची. इथं आठही माणसं एका खोक्यात कोंबलेली. त्यावर त्या मुलानं थोडा इको चढवला होता, चर्चसारखं वाटावं म्हणून असेल. त्यामुळं एका आवाजाची ओळ संपायच्या आत मागचा प्रतिध्वनी दुसऱ्याच्या ओळीवर येऊन पडायचा. ज्या गाण्याचा जीव एकामागून एक निघणाऱ्या ओळींत आहे, तिथं ओळीच ओळखू येईनात. आणि गंधार? गायक एकमेकांचे गळे ऐकून स्वर बसवतात. पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून त्यांना एकमेकांचे नव्हे, यंत्राचे आवाज ऐकू येत होते. दुसऱ्या रचनेच्या शेवटी वरचा आवाज चढा लागला. सकाळी ज्या बाईनं तारेतला गंधार पहिल्या दमात पकडला, तिचा. ही चूक तिची नाही.

तिसऱ्या रचनेबद्दल मला जास्त वाईट वाटलं. विल्यम बर्ड नावाच्या इंग्रज संगीतकाराची चार आवाजांसाठीची प्रार्थना. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पद्धतीची उपासना कायद्यानं बंद होती आणि बर्ड कॅथलिक. १५९२ ते १५९५ च्या दरम्यान त्यानं अशा तीन प्रार्थना छापल्या. पुस्तकाला शीर्षकपान नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. त्या गायल्या जायच्या कुणा विश्वासू माणसाच्या घरात, दारं लावून, मोजक्या लोकांत. तिचा शेवटचा भाग आधी बायकांचे दोनच आवाज गातात, मग तीन, मग चारही. अखेरचे शब्द आहेत, आम्हाला शांती दे. तिथं एक आवाज आपल्या जागी थांबून राहतो, दुसरा त्याच्या खालून सरकतो, दोघं क्षणभर एकमेकांना घासतात, आणि मग थांबलेला आवाज एक पायरी खाली उतरून सुटतो. असं पुन्हा पुन्हा होतं. घासणं आणि सुटणं. माझा सगळा जन्म तार घोडीवर किती घासावी आणि कुठं सुटावी हे बघण्यात गेला, म्हणून मला ते आतपर्यंत लागलं. बंद दाराआड हळू म्हटलेली ही प्रार्थना त्या दिवशी जाहीर सभेच्या आवाजात ऐकवली गेली.

तिचे दोन भाग झाल्यावर निवेदक पुढं आले. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून सत्कार मध्येच उरकायचं ठरलं. शाल, श्रीफळ, मनोगत. वीस मिनिटं गेली. गायक तसेच उभे. माझी विनंती आहे की सत्कार आधी करावा किंवा शेवटी. एकाच प्रार्थनेचे हे भाग असतात. कीर्तनकाराला पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये हार घालतात तो रिवाज वेगळा, तिथं ती जागा ठरलेली आहे. अभंग चालू असताना त्याला कुणी थांबवत नाही.

मध्यंतरात मी त्या टेबलावरच्या मुलाकडं गेलो. म्हटलं, "बाळ, एक रचना माइक बंद करून होऊ दे." तो अदबीनं म्हणाला, "काका, मागच्यांना ऐकू आलं नाही तर बोलणी मला बसतात." त्याचंही खरं. त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग मी ताईला गाठलं. ती म्हणाली की माइक नको असं त्यांनी पत्रातही कळवलं होतं. इथं आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की आमच्या हॉलमध्ये माइकशिवाय होत नाही.

होतं. शेवटची रचना गाण्यासाठी ते आठजण रंगमंचावरून खाली उतरले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेत अर्धगोल करून उभे राहिले. स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाची 'ओ मॅग्नुम मिस्टेरियुम', १५७२ साली छापलेली. केवढं हे गूढ, की जन्मलेल्या प्रभूला गव्हाणीत निजलेलं मुक्या जनावरांनी पाहिलं, असा तिचा अर्थ. मी मुद्दाम उठून शेवटच्या रांगेमागं, दाराशी जाऊन उभा राहिलो. पंखे चालूच होते, बटणांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडं होती तो सापडला नाही. तरी मला ऐकू आलं. पहिला आवाज एकटा निघाला तो, दुसरा खालून आला तो, मध्ये सगळे एकदम थांबून एक शब्द अगदी हळू उच्चारतात तोही. शेवटच्या रांगेतल्या दोन बायका बोलत होत्या त्या बोलायच्या थांबल्या. आवाज लहान असला की माणूस कान पुढं करतो. मोठा असला की मागं सरकून बसतो. अब्बांनी हे मला जवारी शिकवताना सांगितलं होतं: तंबोरा मोठा वाजला पाहिजे असं नाही, लांबपर्यंत ऐकू आला पाहिजे.

माइकला माझा विरोध नाही. भाषणाला, मैदानातल्या कार्यक्रमाला, हजारोंच्या गर्दीला तो हवाच. पण जे संगीत जागेसाठीच बांधलेलं आहे, त्याची जागा काढून घेतली तर उरतं काय? टॅलिस नावाच्या इंग्रजानं १५७० च्या सुमारास चाळीस आवाजांची एक रचना केली. पाच-पाच गायकांचे आठ गट, चाळीसही ओळी वेगळ्या. ऐकणाऱ्याभोवती आवाज एका गटाकडून दुसऱ्याकडं फिरत जातो, हेच तिचं सौंदर्य. ती दोन स्पीकरमधून काय ऐकणार? आणि फक्त त्यांचंच कशाला. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा माइक कुठं होता? पुढं संगीत नाटकांची पदं नट ऑर्गन-तबल्यावर नुसत्या गळ्यानं म्हणायचे आणि मागच्या बाकावरून वन्समोअर यायचा. आमच्या तंबोऱ्याचंही तेच झालंय. मैफिलीत गवयाच्या मागं दोन तंबोरे असतात, त्यांच्यापुढं माइक असतो, पण स्पीकरमधून येते ती नुसती भुणभुण. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा कारागिरांना फार आनंद झाला. त्या तंबोऱ्याचा खरा आवाज ऐकू येईल असा एक तरी हॉल सांगली-मिरजेत हवा, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता मागणी. नाट्यगृहांच्या आणि सभागृहांच्या दुरुस्तीची चर्चा अधूनमधून होते. खुर्च्या, वातानुकूलन, पार्किंग, नवी साउंड सिस्टीम, सगळ्याचा हिशेब होतो. उघडा गळा शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, हे कुणी बघत नाही. छताला काय लावलं, भिंतीला काय, पडदे किती, पंख्याचा घरघराट किती, यावर ते ठरतं. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर एकेकदा गवई बसवून, यंत्रं बंद ठेवून ऐकावं. कंत्राटात तशी एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत.

शंभर-दीडशे माणसांच्या कार्यक्रमाला मोठा हॉल तरी कशाला घ्यावा? मिरजेत दगडी चर्च आहेत, दोन्ही गावांत जुन्या वाड्यांचे चौक आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. मी मिशन हॉस्पिटलच्या परिसरात लहानाचा मोठा झालो. डिसेंबरात तिथल्या ख्रिस्ती मंडळींची नाताळची गाणी कानावर यायची, मराठी शब्द आणि त्यात वरचे-खालचे आवाज वेगळे. ती पोरं आता मोठी झाली, त्यांची पोरं गात असतील. त्यांनी हे जुनं संगीत हातात घ्यावं असं मनापासून वाटतं. संगीतकार जाऊन चारशे वर्षं झाली, त्यांच्या रचनांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. चार गळे असले तरी बर्डची ती प्रार्थना गाता येते. स्वर द्यायला फोर्क लागेल. तो नसेल तर तंबोरा मी देतो, लावूनही देतो.

आणि ज्यांच्या ताब्यात सभागृहं आहेत त्यांना सांगतो, कुठल्याही दिवशी सकाळी लवकर, रहदारी सुरू व्हायच्या आत बोलवा. मी एक तंबोरा घेऊन रंगमंचाच्या मध्यावर बसेन, माझा पोरगा शेवटच्या रांगेत बसेल. खर्ज छेडल्यावर त्याला तिथं गंधार ऐकू येतो की नाही, एवढंच बघायचं आहे. पैसे नकोत. पंखे बंद करायची किल्ली मात्र कुणीतरी सोबत आणावी.

आपला,
एक तंबोरा कारागीर, मिरज